धागा: ओस्लो ते बर्गन, आगगाडी-बोट-बस जोडून (मिर्दाल, फ्लोम, नॅरोयफ्योर्ड, वॉस)

पायवाट (धागाकर्ता)

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ओस्लोहून बर्गनला जायचं घाटतंय. चौघं आहोत: आम्ही दोघं, बाबा (६८) आणि आई (६४). ठरलेला प्रसिद्ध मार्गच घ्यायचा आहे: ओस्लो ते मिर्दाल मोठी गाडी, मिर्दाल ते फ्लोम ती घाटातली छोटी गाडी, फ्लोम ते गुडवांगेन बोट, तिथून वॉसपर्यंत बस आणि वॉस ते बर्गन पुन्हा गाडी.

तयार पॅकेज घ्यावं की सुटी तिकिटं काढावीत? एका दिवसात सगळं केलं तर आई-बाबांना झेपेल का? बॅगांचं काय करायचं? खाणं शाकाहारी. नेटवर फोटो ढिगाने आहेत, पण मधला एक दुवा निसटला तर पुढे काय, हे कोणी धड सांगत नाही.

---

रूळांतर

आधी एक दुरुस्ती. फ्लोमची गाडी "छोटी" नाही. दोन रुळांमधलं अंतर नॉर्वेतल्या बाकीच्या लाइनींसारखंच, १४३५ मिमी, आणि डबेही पूर्ण आकाराचे. छोटा आहे तो फक्त मार्ग, २०.२ किमीचा. तेवढ्यात गाडी मिर्दालच्या ८६७ मीटरवरून थेट फ्योर्डच्या (डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या) काठाला, म्हणजे समुद्रसपाटीला येते. चढ १ मध्ये १८ पर्यंत जातो. आपल्या बोरघाटात तो १ मध्ये ३७ आहे आणि तिथेही मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावतात. माथेरानची गाडी १ मध्ये २० चढते, पण ती दोन फुटी रुळांवर. इथे दातेरी रूळ वगैरे काही नाही, साध्या चाकांवर चढ-उतार. म्हणून गाडीच्या दोन्ही टोकांना इंजिन असतं आणि उतरताना वेग ताशी ३० किमीच्या वर जाऊ देत नाहीत (चढताना ४०).

आता तुमचे प्रश्न. सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तिकीट काढण्याच्या क्रमाचा. बहुतेक लोक ओस्लोच्या गाडीपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. सुरुवात बोटीपासून करा. पूर्ण साखळीत सर्वात कमी फेऱ्या बोटीच्या, म्हणून बाकी सगळं तिच्याभोवती बसवायचं:

१. फ्लोम–गुडवांगेन बोट: दिवस आणि वेळ पक्की.
२. त्या वेळेच्या आधी निदान एक तास फ्लोमला पोचवणारी मिर्दाल–फ्लोम गाडी.
३. मिर्दालला त्या गाडीच्या पुरेसं आधी पोचणारी ओस्लोची गाडी.
४. बोटीनंतरची बस.
५. वॉस–बर्गन गाडी शेवटी. त्या पट्ट्यात लोकल गाड्या बऱ्याच धावतात, ती चिंता नको.

उलटं केलंत तर ओस्लोचं स्वस्त तिकीट हातात असतं आणि त्या दिवशीची बोट भरलेली.

---

मेघदूत_ओस्लो

रूळांतर यांना पूर्ण अनुमोदन. पॅकेज की सुटी तिकिटं, याबद्दल लिहितो.

"नॉर्वे इन अ नटशेल" हे फ्योर्ड टूर्स या कंपनीचं विक्रीचं नाव आहे. त्यात गाइड नसतो, वेगळी गाडी नसते, राखीव बोट नसते. याच सार्वजनिक सेवांची तिकिटं एका पाकिटात बांधून देतात, इतकंच. कंपनीशिवाय हवं असेल तर मोठ्या गाडीचं तिकीट "वी" या रेल्वे कंपनीच्या (पूर्वीची एनएसबी, २०१९ मध्ये नाव बदललं) अ‍ॅपवर, आणि फ्लोमची गाडी व बोट "नॉर्वेज बेस्ट"च्या साइटवर. सगळ्या देशाचं वेळापत्रक एकत्र बघायला "एंटूर" हे अ‍ॅप. बस धरून कुठलाही प्रवास त्यात टाकला की जोडण्या दिसतात.

सुट्या तिकिटांत पैसे वाचतात ते मुख्यतः ओस्लोच्या गाडीवर. तिची लवकरची तिकिटं फार स्वस्त असतात आणि जसजशा जागा जातात तसा भाव चढत जातो. फ्लोमच्या गाडीत आणि बोटीत भावाचा तसा मोठा चढउतार नाही. पॅकेजमध्ये मात्र एक गोष्ट विकत मिळते: साखळी तुटली तर पुढची सोय लावणं विकणाऱ्याच्या गळ्यात. सुट्या तिकिटांत पहिली गाडी उशिरा आली म्हणून बोट थांबत नाही, आणि बोटवाल्यांचा त्यात दोषही नाही.

माझं मत: चौघं आहात, दोघं ज्येष्ठ आहेत. एकाच दिवसात करणार असाल तर पॅकेज. मध्ये मुक्काम करणार असाल तर सुटी तिकिटं. मुक्कामामुळे जो मोकळा वेळ मिळतो तोच तुमचा विमा.

---

आडवाटेचा_वाटसरू

एका दिवसाचं गणित मांडून ठेवतो म्हणजे झेपेल की नाही ते तुम्हीच ठरवाल.

ओस्लो ते मिर्दाल पावणेपाच तासांच्या आसपास. मिर्दाल ते फ्लोम साधारण एक तास. फ्लोमला दीड-दोन तास मोकळे. बोट दोन तास. बस तास-सव्वा तास. वॉस ते बर्गन सव्वा तास. मधले थांबे धरून बारा तास सहज, कधी जास्त. चार वेळा वाहन बदलायचं. चालणं फारसं नाही, पण दिवसभर "आता उतरा, आता चढा, बॅग कुठाय" हे चालूच. थकवा येतो तो त्याचा.

दुसरं म्हणजे सगळ्यात सुंदर भाग, म्हणजे नॅरोयफ्योर्ड, वाट्याला येतो तोवर दुपार कलंडलेली असते आणि माणसं पेंगुळलेली असतात. पैसे ज्याच्यासाठी मोजले तेच डुलकीत जातं.

त्यापेक्षा फ्लोम किंवा शेजारच्या आउरलांडला एक रात्र राहा. पहिल्या दिवशी ओस्लो–मिर्दाल–फ्लोम, दुसऱ्या दिवशी सकाळची बोट, बस, वॉस, बर्गन. फ्लोममध्ये राहायच्या जागा थोड्याच आहेत, जूनसाठी त्या हिवाळा संपायच्या आत बघाव्या लागतात. नाही मिळाल्या तर वॉसला मुक्काम हा दुसरा पर्याय: गाव मोठं, हॉटेलं जास्त, आणि स्टेशनातूनच वर जाणारा रोपवे. तो हांगुर्सच्या माथ्यावर, ८२० मीटरवर नेतो.

---

पायवाट

मुक्काम पटला. मग दोन शंका. मिर्दालला गाडी बदलायला जिना वगैरे चढावा लागतो का? आणि कुठल्या बाजूला बसायचं? यावर प्रत्येकाचं वेगळं.

---

रूळांतर

मिर्दालला फ्लोमची गाडी प्लॅटफॉर्म ओलांडून समोरच लागते. गाडीत चढायला पायऱ्या आहेत, बॅग वर घ्यायला तरुण माणसाने खाली थांबावं. मिर्दालला मोटाररस्ता नाही हे मात्र लक्षात असू द्या. स्टेशनात कॅफे आहे, पण शेवटची गाडी चुकली तर टॅक्सी बोलावता येत नाही. ग्रुप टूरची बस माणसांना मिर्दालला सोडू किंवा घेऊ शकत नाही ती याच कारणाने. ती वॉसला उभी राहते आणि मंडळी मिर्दालहून वॉसपर्यंत मोठ्या गाडीने येतात.

बाजूचं म्हणाल तर:

ओस्लो–बर्गन गाडीत, ओस्लोकडून जाताना डावी बाजू. फिन्सेजवळ हार्डांगरयोकुलेन ही हिमनदी दक्षिणेला, म्हणजे डावीकडे दिसते. फिन्से स्टेशन १२२२ मीटरवर आहे, त्या लाइनवरचं सगळ्यात उंच. जूनमध्येही तिथे बर्फ पडून असतो आणि तळ्यावर बऱ्याचदा बर्फाचे तुकडे तरंगत असतात. स्टेशनच्या पश्चिमेला १०.३ किमीचा फिन्से बोगदा. त्यात शिरलं की कॅमेरा खाली ठेवून चहा घ्यायला हरकत नाही.

फ्लोमच्या गाडीत बाजूचा आग्रह सोडा. २० बोगदे आहेत, आणि वॉटनाहाल्सेनजवळ रूळ बोगद्याच्या आत वळसा घेऊन उलट दिशेला तोंड करून बाहेर पडतात. त्यामुळे दरी एकदा या खिडकीत, एकदा त्या खिडकीत. ज्यांना फोटो काढायचेत त्यांनी दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभं राहावं. काचेत डब्याचं प्रतिबिंब येतं, म्हणून मोबाइल काचेला टेकवून धरायचा आणि वरून गडद रंगाच्या जॅकेटची बाही आडवी धरायची. डब्यात दिवे लागलेले असतात आणि बाहेर बोगद्यामुळे क्षणात अंधार, त्यामुळे मोबाइलचं ऑटो-एक्स्पोजर गोंधळतं. उजेडातल्या भागावर बोट दाबून लॉक करून ठेवलं की बोगद्यातून बाहेर आल्यावर फोटो पांढरा फटक येत नाही.

---

दर्यावर्दी_रत्नागिरी

चोसफोसेन धबधब्याचं सांगायचं राहिलं. उतरताना सुरुवातीलाच गाडी तिथे पाचेक मिनिटं थांबते, सगळ्यांना खाली उतरू देतात. फलाट लाकडी आणि कायम ओला. पाण्याचे तुषार थेट अंगावर येतात. आई-बाबांच्या बुटांचे तळवे बघून ठेवा. गुळगुळीत तळव्यांच्या चपला-सँडल इथे नकोत. उन्हाळ्यात खडकावर लाल कपड्यातली नर्तकी आणि संगीत असा छोटा खेळ असतो, तो चुकला तरी फार बिघडत नाही. तिथेच एक छोटं वीजकेंद्र आहे, ते या लाइनला वीज पुरवायलाच बांधलं होतं. लाइन १९४० मध्ये सुरू झाली तेव्हा आधी वाफेची इंजिनं होती, वीज १९४४ मध्ये आली.

जूनमध्ये वरचा बर्फ वितळत असतो म्हणून धबधबा भरात असतो. ऑगस्टअखेर येणाऱ्यांनी यूट्यूबवरच्या जूनच्या पाण्याची अपेक्षा ठेवू नये.

आता बोट. फ्लोम–गुडवांगेन मार्गावर "व्हिजन ऑफ द फ्योर्ड्स" (२०१६, हायब्रिड) आणि "फ्यूचर ऑफ द फ्योर्ड्स" (२०१८, पूर्ण विजेवर) या दोन बोटी आहेत. दोन्ही एकाच धाटणीच्या: बाहेरच्या बाजूने नागमोडी उतरता-चढता रस्ता थेट वरच्या डेकपर्यंत जातो. जिना चढायचं काम नाही, व्हीलचेअरही वर जाते. विजेवरची बोट ४०० माणसं घेते आणि इंजिनाचा आवाज जवळपास नाही, त्यामुळे धबधब्याचा आवाज डेकवर ऐकू येतो. गुडवांगेनला ती चार्ज होते ती तरंगत्या धक्क्यावरून. त्या धक्क्याच्या पोटात २.४ मेगावॉट-तासाची बॅटरी आहे. गावाच्या वीजवाहिनीला इतका भार एकदम पेलत नाही, म्हणून ती बॅटरी दिवसभर हळूहळू भरत राहते आणि बोट लागली की साधारण वीस मिनिटांत तिच्यात ओतते. गुडवांगेनला उतरल्यावर लगेच बसकडे पळू नका, मिनिटभर तो केबल जोडण्याचा खटाटोप बघा. बसला वेळ असतो.

---

मेघदूत_ओस्लो

विजेच्या बोटीवरून एक भर. जागतिक वारसा यादीतल्या फ्योर्डमध्ये (नॅरोयफ्योर्ड आणि गायरांगरफ्योर्ड, दोन्ही २००५ पासून यादीत) प्रवासी जहाजांना शून्य उत्सर्जनाचा नियम २०२६ च्या सुरुवातीपासून लागू झाला. मात्र १०,००० टनांवरच्या मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत आहे. म्हणजे फ्लोमच्या धक्क्याला ती तरंगती हॉटेलं अजून काही वर्षं लागणारच.

तुमच्या दृष्टीने हे का महत्त्वाचं? फ्लोम हे गाव अगदी लहान. मोठं जहाज लागलं की एका सकाळी दोन-तीन हजार माणसं उतरतात आणि त्यांचे गट फ्लोमच्या गाडीचे डबेच्या डबे आधीच घेऊन ठेवतात. "जूनमधल्या मंगळवारी गाडी कशी काय फुल्ल?" याचं उत्तर बहुधा हेच. बंदराचं जहाजांचं वेळापत्रक नेटवर जाहीर असतं. मोकळा दिवस निवडता आला तर उत्तम, नाही तर पहाटेची किंवा संध्याकाळची गाडी घ्या. जहाजाची माणसं दुपारीच फिरतात, संध्याकाळी जहाजावर परततात. फ्लोमला मुक्काम करण्यातला खरा फायदा हाच की सहानंतर गाव रिकामं होतं आणि उजेड रात्री अकरापर्यंत असतो.

---

आडवाटेचा_वाटसरू

बोटीवर कुठे उभं राहायचं?

फ्लोमहून निघाल्यावर पहिला तासभर आउरलांडफ्योर्ड. तो रुंद आहे, घाई नको. आत बसून कॉफी घ्या, ऊब साठवा. डाव्या काठाला उंड्रेदाल दिसतं, बकरीच्या दुधाच्या तपकिरी चीजसाठी प्रसिद्ध असलेलं, आणि तिथलं लाकडी स्टाव्ह चर्च बाराव्या शतकातलं, चाळीसेक माणसं बसतील इतकंच. बोट मग डावीकडे वळते. त्या वळणाच्या दहा मिनिटं आधी वर जाऊन पुढची जागा धरा. वळल्यावर सगळी बोट एकदम उठते आणि मग रेलिंगपाशी तीन रांगा. नॅरोयफ्योर्ड १७ किमी लांब, सर्वात अरुंद जागी २५० मीटर. दोन्ही काठांचे डोंगर सरळ पाण्यात उतरतात, म्हणून मान वर करून बघावं लागतं. वरच्या डेकवर पुढे उभं राहिलं तर दोन्ही काठ दिसतात, बाजूच्या रेलिंगवर एकच.

वारा. जूनमधल्या उन्हाच्या दिवशीही चालत्या बोटीवर गार झोंबतं. छत्री उपयोगाची नाही, उलटी होते आणि मागच्याच्या डोळ्यात जाते. एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा अंगाला लागून लोकरीचा पातळ थर, वर स्वेटर, सगळ्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, डोक्याला कानटोपी. गाडीत हीटर जोरात असतो, तिथे दोन थर उतरवायचे. आईंची साडी असेल तर आतून थर्मल आणि वर गुडघ्याखाली येणारा रेनकोट, कारण ओला झालेला काठ बर्गनपर्यंत वाळत नाही.

हवामानाला "यूर" अ‍ॅप बघा, नॉर्वेच्या हवामान खात्याचं. तासातासाचा अंदाज देतं. पावसाचा अंदाज बघून बोट रद्द करू नका. ढग खाली उतरलेले असताना धबधबे दुप्पट होतात, फक्त शिखरं दिसत नाहीत.

---

पायवाट

हे सगळं एका जागी लिहून घेतोय. आता मूळ प्रश्न: चुकलं तर?

---

रूळांतर

दुव्यादुव्याने बघू.

*ओस्लोची गाडी उशिरा.* त्या गाड्या दिवसाला चार-पाचच, त्यातली एक रात्रीची. बरीचशी लाइन एकेरी आहे, समोरच्या गाडीला वाट द्यायला थांबावं लागतं, म्हणून एक उशीर पुढच्या चार गाड्यांना चिकटतो. मिर्दालला कमीत कमी अंतराची जोडणी अ‍ॅप दाखवेल, ती घेऊ नका, त्यानंतरची फ्लोमची गाडी घ्या. त्या दिवशी फ्लोमलाच मुक्काम असेल तर तासभर उशिराने काहीच अडत नाही.

*ओस्लोची गाडीच रद्द, बदली बस.* उन्हाळा हाच रुळांच्या दुरुस्तीचा काळ असतो. काही आठवडे मार्गाचा एखादा तुकडा बंद ठेवून तिथे बस चालवतात. बस अर्थातच मिर्दालला जाऊ शकत नाही. तिकीट काढताना वेळापत्रकात बसचं चित्र दिसलं तर तारीख बदला. ऐनवेळी झालं तर ओस्लोहून फ्लोमकडे एक्स्प्रेस बस आहे का ते एंटूरवर शोधा, ती डोंगरातून रस्त्याने जाते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये "हान्स" वादळाने दक्षिण नॉर्वेतली रेल्वे विस्कळीत केली होती. तसं काही असेल तर सरळ विमान.

*फ्लोमला बोट चुकली.* ही सगळ्यात सोपी अडचण, आणि हेच कोणी सांगत नाही. फ्लोम ते गुडवांगेन रस्ता आहे, ई१६, दोन लांब बोगद्यांतून, त्यातला गुडवांगेन बोगदा ११.४ किमीचा. बसने वीस मिनिटं. फ्लोमहून वॉसला थेट बसही मिळते. फ्योर्ड बघायचा राहतो, पण बर्गन गाठता येतं.

*गुडवांगेनला बस चुकली.* इथे सावध. गुडवांगेनला पर्यटकांसाठी थोडी दुकानं, एक वायकिंग गाव, आणि बाकी डोंगर. बस बोटीच्या वेळेला जोडलेली असते, ती गेली की पुढची तासाभराने किंवा जास्त. शौचालय बोटीवरच आटपून घ्या, कारण धक्क्यावर रांग लागते आणि बस तेवढ्यात भरते.

*वॉसला गाडी चुकली.* काळजी नाही, पुढची घ्या. फक्त त्या एका गाडीलाच बांधलेलं स्वस्त तिकीट काढू नका.

---

घाटमाथा

बसच्या टप्प्याबद्दल एक इशारा. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत स्तालहाइमच्या उतारावरची १३ अवघड वळणं दाखवतात, १ मध्ये ५ चा उतार. त्या रस्त्याने आता बस जाते असं गृहीत धरून कोणी तिकीट काढू नये. बस ई१६ वरून, बोगद्यातून जाते. वॉसच्या वाटेवर ट्विंडेफोसेन धबधबा खिडकीतून दिसतो. थांबेलच असं नाही. गाडी लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी तरीही पुढच्या सीटा धराव्यात.

मुक्कामाच्या दिवशी फ्लोमला वेळ उरला तर स्टेगास्टाइनला जा. आउरलांडच्या वर ६५० मीटरवर लाकूड आणि पोलादाचा ३० मीटर लांबीचा सज्जा फ्योर्डवर काढलेला आहे, टोकाला फक्त काच. फ्लोमहून बस नेते-आणते, दीड तासात होतं, बाबांना चालायला लागत नाही. पायात जोर असलेल्यांसाठी ब्रेकेफोसेन धबधब्याची वाट आहे, तिच्या दगडी पायऱ्या नेपाळी शेर्पांनी रचलेल्या. स्टेशनजवळचं रेल्वे संग्रहालय फुकट आहे आणि पावसाळी तासासाठी चांगलं.

---

मीठभाकर

खाण्याचं कोणीच बोललं नाही, तेवढं माझ्याकडे.

आधी सीमाशुल्क. नॉर्वे शेंगेनमध्ये आहे, युरोपीय संघात नाही. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, श्रीखंडाच्या गोळ्या, पनीर, दुधाची पावडर घातलेली चहाची पाकिटं घरीच. ताजे बटाटेही चालत नाहीत. चालतं ते: तेलातले मेथीचे ठेपले (दही न घालता भिजवलेले), शेंगदाण्याची चटणी, भाजलेला चिवडा, बाकरवडी (घटक वाचून), गुळपोळी तुपाशिवाय जमत असेल तर, दूध पावडर नसलेली पोह्या-उपम्याची रेडी-टू-ईट पाकिटं. ठेपले तीन दिवस टिकतील असे कोरडे भाजा. गाडीत आणि बोटीत स्वतःचं खाल्लेलं चालतं, वास उग्र नको इतकंच.

उपम्याच्या पाकिटाला उकळतं पाणी लागतं. गाडीच्या कॅफे डब्यात चहाचं गरम पाणी मिळतं, पण ते उकळतं नसतं, रवा कच्चा राहतो. पोहे आणि शेवया त्या पाण्यात होतात, उपमा नाही. रुंद तोंडाचा थर्मास हॉटेलातून भरून घेतला तर उपमाही फुगतो: पाकीट ओतून झाकण लावून दहा मिनिटं.

विकत घ्यायचं तर फ्लोमला किराणा दुकान आहे. ब्रेड, केळी, दही, चीज मिळतं. ओस्लोत "किवी" किंवा "रेमा १०००" या किराणा दुकानांमधून आदल्या दिवशी घेतलं तर स्वस्त. रविवारी बहुतेक मोठी किराणा दुकानं बंद. प्रवासाचा दिवस रविवार असेल तर शनिवारीच भरून ठेवा. नळाचं पाणी सगळीकडे पितात, बाटली विकत घेणं म्हणजे पैसे फ्योर्डात टाकणं. कॅफेत शाकाहारी म्हणजे बहुधा वॅफल, सूप किंवा चीज सँडविच. सूप घेताना ते माशाच्या किंवा मांसाच्या पाण्यात केलंय का हे विचारा, "भाज्यांचं" म्हणून सांगितलेलंही असू शकतं.

रोख क्रोन जवळपास लागतच नाहीत. फॉरेक्स कार्ड आणि दुसऱ्या बँकेचं एक कार्ड, दोन्ही वेगवेगळ्या खिशात.

---

मेघदूत_ओस्लो

सामानाबद्दल. मोठ्या गाडीत डब्याच्या टोकाला बॅगांचे रॅक आहेत, लवकर भरतात. मोठ्या बॅगेऐवजी माणशी एक मध्यम, स्वतःला उचलता येईल अशी. बोटीवर खालच्या मजल्यावर बॅगा ठेवायला जागा, बसच्या पोटात जागा. ओस्लोच्या हॉटेलातून बर्गनच्या हॉटेलात बॅगा पोचवणारी सशुल्क सेवाही आहे. पण फ्लोमला मुक्काम असेल तर एका रात्रीची लहान पिशवी सोबत ठेवावी लागेल आणि औषधं कधीही त्या मोठ्या बॅगेत टाकू नका.

ज्येष्ठ सवलतीचं वय नॉर्वेत ६७ आहे. बाबांना मिळेल, आईंना नाही. तिकीट काढताना प्रत्येकाचा प्रकार वेगळा निवडा. डबा तपासनीस वयाचा पुरावा मागू शकतो, पासपोर्ट वर ठेवा.

---

राइनकाठचा_पुणेकर

जर्मनीत-नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: युरोपभरच्या गाड्यांचा पास घ्यायचा तर रहिवाशांना इंटररेल, भारतातून येत असाल तर युरेल. पासात ओस्लो–बर्गन गाडी येते, सीट आरक्षण वेगळं. फ्लोमची गाडी पासात येत नाही, फक्त सवलत मिळते. नुसत्या या एका मार्गासाठी पास काढणं तोट्याचं.

---

पायवाट

सगळ्यांचे आभार. शेवटचं: गायरांगर याच फेरीत बसेल का? आणि व्हिसाचं काही वेगळं?

---

आडवाटेचा_वाटसरू

गायरांगर बसणार नाही. ते बरंच उत्तरेला आहे, तिथे रेल्वे जात नाही. त्या बाजूचं रेल्वे स्टेशन ओन्डाल्सनेस, तिकडे जायला दोम्बोसहून रौमा लाइन, ११४ किमी. ती स्वतंत्र सहल करा. त्यापेक्षा तुमच्याकडे जास्तीचा दिवस असेल तर परतताना बर्गन–फ्लोम वेगवान प्रवासी बोट बघा. ती सोग्नेफ्योर्डमधून जाते, साडेपाच तासांच्या आसपास, फक्त उन्हाळ्यात. बर्गनपासून उलटी फेरी केली तरी तेच दुवे लागतात.

---

रूळांतर

व्हिसा शेंगेनचाच. एकाहून जास्त देश असतील तर जिथे रात्री सर्वात जास्त, त्या देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर पहिल्या प्रवेशाचा देश. विमा निदान ३०,००० युरोचा. व्हिसा हातात येण्याआधी बोटीचं आणि गाडीचं परत न मिळणारं तिकीट काढू नका. हॉटेल रद्द करता येण्याजोगं घ्या, त्यावर अर्ज करा, व्हिसा आला की त्याच दिवशी वर दिलेल्या क्रमाने तिकिटं. जूनसाठी अर्ज मार्चमध्येच गेला तर हा क्रम जमतो.

तिकिटांच्या पीडीएफ मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि चौघांच्या एकाच फोनवर ठेवू नका. मिर्दाल ते फ्लोम दरम्यान बोगद्यांत नेटवर्क येतं-जातं, आणि तपासनीस नेमका तेव्हाच येतो.

---

मीठभाकर

ठेपल्यांचं प्रमाण कोणीतरी व्यनित (खाजगी निरोपात) विचारलंय, इथेच देते: दोन वाट्या कणीक, पाव वाटी बेसन, वाटीभर बारीक चिरलेली मेथी, तीन चमचे तेल मोहन, हळद, तिखट, ओवा, तीळ, मीठ. घट्ट भिजवा, पातळ लाटा, मंद आचेवर तेल कमी लावून भाजा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका.